महागाईचे माप

अर्थशास्त्र हे विद्यापीठाच्या वर्गांत शिकविले जाणारे एक रुक्ष शास्त्र असून लालबाग-परळच्या चाळीतील एका खोलीच्या संसाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही, असे मानणारा वर्ग आपल्याकडे फार मोठा आहे. आणि त्याच्या उलट टोकाला, अर्थमंत्र्याच्या शेजारी बसून त्याला सल्ला देणाऱ्या नामवंत पंडितांच्या बुद्धीवरच देशाचे बरेवाईट अवलंबून असते, असे समजणारा, संख्येने लहान परंतु वृत्तपत्रांत मोठ्या आवाजाने बोलणारा दुसरा एक वर्ग आहे. मुंबई शहराच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले असता या दोन्ही समजुती टिकत नाहीत, असे माझे मत आहे. अर्थशास्त्रीय संशोधन या शहरातील सामान्य माणसाच्या घरात शिरले ते सल्ल्याच्या वाटेने क्वचित्, आणि मापाच्या वाटेने मात्र नित्य, दरमहा, पगाराच्या दिवशी. सल्ला राज्यकर्त्याच्या सोयीनुसार स्वीकारला जातो किंवा दप्तरात पडून राहतो. माप एकदा कायद्यात, करारात आणि लवादाच्या निवाड्यात जाऊन बसले म्हणजे ते कोणाची परवानगी न विचारता वर्षानुवर्षे अंमल गाजवीत राहते. म्हणूनच ते कोण तयार करतो, कोणाच्या संसारावरून तयार करतो आणि त्याच्यात चूक झाली तर दाद कोठे मागावयाची, हे प्रश्न मला कोणत्याही अंदाजपत्रकावरील चर्चेपेक्षा अधिक जिव्हाळ्याचे वाटतात.

या मापाची मुंबईतील पूर्वपीठिका दादाभाई नौरोजींपर्यंत मागे नेता येते. एकेकाळी एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या दादाभाईंनी १८७६ साली ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंध वाचला, तेव्हा दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये भरते, एवढे सांगून ते थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर खुद्द सरकार जो खर्च करीत होते त्याच्याशी त्यांनी त्या उत्पन्नाची तुलना केली. सरकारनेच माणसाच्या जगण्यासाठी आवश्यक मानलेले किमान आणि निरपराध प्रजेच्या वाट्याला प्रत्यक्षात येणारी रक्कम ही दोन्ही एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडली गेली, आणि दारिद्र्य हा दयेचा विषय न राहता हिशेबाचा विषय झाला. दयेच्या याचनेला नकार देता येतो. हिशेबाला नकार द्यावयाचा तर प्रतिहिशेब मांडावा लागतो, आणि तो मांडण्याच्या खटपटीत सरकारलाही खरी आकडेमोड शिकावी लागते.

पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईने आणि संपांनी गिरणगाव हादरून गेले असता मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी स्थापन केली आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून तिचे ‘लेबर गॅझेट’ निघू लागले. या कचेरीचे प्रमुख जी. फिंडले शिरास हे व्यासंगी अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये मुंबईतील २,४७३ कामगार कुटुंबांच्या आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या, म्हणजे बायकामुले कोकणात वा घाटावर ठेवून येथे खाणावळीत जेवणाऱ्या माणसांच्या, जमाखर्चाची पाहणी करण्यात आली व तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील दोन गोष्टी आजही वाचताना मनाला चटका लावतात. पाहिलेल्या कुटुंबांपैकी शेकडा ४७ कुटुंबे कर्जात होती, ही पहिली. दुसरी अशी की, मुंबईचा औद्योगिक कामगार दुष्काळी कामांवरील नियमांत ठरविलेल्या कमाल मर्यादेइतके धान्य खात असला तरी मुंबईच्या तुरुंग-नियमावलीत कैद्यासाठी नेमून दिलेल्या आहारापेक्षा त्याचा आहार कमी होता. दादाभाईंनी ज्या तुलनेने राज्यकर्त्यांना अस्वस्थ केले होते तीच तुलना सुमारे अर्धशतकानंतर सरकारच्याच एका अहवालात, सरकारच्याच खर्चाने छापली गेली, ही मला संशोधनाच्या प्रभावाची फार मोठी खूण वाटते. एखाद्या कायद्याचा मसुदा विद्वानाच्या शब्दांत उतरला म्हणजेच प्रभाव पडला असे नव्हे. विरोधकाने घातलेला प्रश्न सरकारी कारकुनाच्या तक्त्यातील रकाना होऊन बसणे, हाही प्रभावच होय, आणि तो अधिक खोलवर जाणारा होय.

त्याच कचेरीने जुलै १९१४ मधील किमती १०० धरून कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढावयास आरंभ केला. पुढे १९३२-३३ च्या नव्या कुटुंबपाहणीवरून जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष आधारभूत मानणारी दुसरी मालिका सुरू झाली आणि या दुसऱ्या मालिकेने तीस वर्षांच्या वर गिरणगावावर राज्य केले. निर्देशांकाची कल्पना सांगावयास सोपी आहे. एका विशिष्ट वर्षी कामगार कुटुंब तांदूळ, डाळ, तेल, लाकूडफाटा, कापड, भाडे यांवर कोणत्या प्रमाणात खर्च करीत होते ते पाहणीने ठरवावयाचे, त्या प्रमाणाला भारांक म्हणावयाचे, आणि त्यानंतर दर महिन्यास त्याच वस्तूंच्या किमती गिरणवस्तीतील दुकानांत विचारून ते सारे सामान आता किती पटीने महाग झाले ते काढावयाचे. परंतु प्रत्येक शब्दापाशी एक निर्णय दडलेला आहे. कोणते कुटुंब? कोणता तांदूळ? दुकानदाराने सांगितलेला भाव की गिऱ्हाइकाने मोजलेला? धोतर जाऊन पाटलोण आली तर तुलना कशाशी करावयाची? या प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, हजारो घरांच्या मिळकतीचा निवाडा करीत असतो.

तो निवाडा किती प्रत्यक्ष होता हे १९४७ नंतरच्या मुंबईतील गिरणी कामगाराच्या पगारपत्रकावरून कळते. औद्योगिक न्यायालयाने त्या वर्षी वेतनाचे प्रमाणीकरण केले, तेव्हा किमान मूळ वेतन महिन्यास ३० रुपये ठरले, आणि महागाई भत्ता निर्देशांकाशी बांधला गेला. निर्देशांक १०५ च्या वर जेवढा चढेल त्याच्या प्रत्येक पॉइंटामागे दिवसाला १.९ पै, असा दर होता. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर दहा पॉइंटांची वाढ म्हणजे ४९४ पै, म्हणजेच २ रुपये ९ आणे २ पै. तीस रुपये मूळ वेतन असलेल्या माणसाला अडीच रुपये ही क्षुल्लक बाब नव्हती. मुलाच्या शाळेची फी, गावच्या मनिऑर्डरीतील भर किंवा वाण्याच्या उधारीवरील एक हप्ता त्यातून निघत असे. म्हणून मुंबईच्या कामगारवस्तीत ‘किती पॉइंट वाढले’ हा प्रश्न संख्याशास्त्राची तोंडओळखही नसलेली माणसे विचारू लागली. विद्यापीठातील एखाद्या शास्त्राचा पारिभाषिक शब्द इतक्या थोड्या काळात लोकांच्या जिभेवर रुळल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेता येईल. कामगार कचेरी सरकारची, न्यायालय सरकारचे; मग यात विद्यापीठ कोठे आले? त्याचे उत्तर असे की, पाहणीची पद्धत, भारांकांची मीमांसा आणि वेतन कशाच्या आधारे ठरवावे याची तत्त्वचर्चा ही विद्वानांच्या मंडळातून सरकारात येत होती, आणि माणसेही येत होती. १९३७ साली मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर नेमलेल्या कापडगिरणी कामगार चौकशी समितीवर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते, आणि त्या समितीच्या १९३८ च्या अंतरिम अहवालाने वेतनवाढीची शिफारस केली. फोर्टमध्ये विद्यापीठाने १९१९ साली अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा जो स्वतंत्र विभाग काढला, त्याने के. टी. शहा व चंदुलाल नगीनदास वकील यांच्यासारखे प्राध्यापक या शहराला दिले. शहा १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीचे कार्यवाह झाले. पुढे याच विभागातील मोहनलाल दांतवाला हे १९६५ साली स्थापन झालेल्या शेतीमाल किंमत आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. ही यादी वाढविता येईल. पण नावांच्या यादीने माझा मुद्दा सिद्ध होत नाही, आणि पदांची मोजदाद म्हणजे प्रभावाची मोजदाद अशी गल्लत आपण फार करतो.

पदाशिवाय प्रभाव कसा पडतो, याचे उदाहरण परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच आहे. सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. रुपयाचा विनिमय १ शिलिंग ४ पेन्स असावा की १ शिलिंग ६ पेन्स, हा त्या काळी गिरणीमालकांच्या आणि सरकारच्या भांडणाचा विषय होता. या भांडणात गिरणीच्या नफ्यातोट्याची चर्चा पुष्कळ होत होती, मजुरीची जवळजवळ नाही. आंबेडकरांनी दाखवून दिले की, चलनाचे मोल घसरल्याने निर्यातदारास जो लाभ होतो तो आकाशातून पडत नाही. किमती चढतात आणि मजुरी मागे राहते, त्या अंतरातून तो निघतो, म्हणजे मजुराच्या खिशातून निघतो. चलनाच्या याच प्रश्नासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, आणि त्या आयोगाच्या शिफारशींतून मध्यवर्ती बँकेचा मार्ग मोकळा झाला. परंतु रिझर्व्ह बँक कोणाच्या ग्रंथातून जन्मली या वादापेक्षा मला हे महत्त्वाचे वाटते की, चलनाच्या अमूर्त प्रश्नात मजुराला हिशेबाचा एक पक्षकार म्हणून उभे करण्याचे काम विद्येने केले, आणि ते करणारा मनुष्य मजुरांच्या वस्तीत राहून ग्रंथ वाचीत होता.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सारे लिहावयास घेतले तो १९६३ चा प्रसंग. बाजारात भाव चढत असता निर्देशांक त्या मानाने चढत नाही, म्हणजे मापातच खोट आहे, असा कामगार संघटनांचा आरोप कित्येक दिवस होता. आधारवर्षाला तीस वर्षे होत आली होती. मधल्या काळात युद्ध झाले, शिधावाटप येऊन गेले, फाळणी झाली, जुने कापड व जुन्या जातीचे धान्य बाजारातून नाहीसे झाले. अशा वेळी एका वस्तूच्या जागी दुसरी धरताना आणि तिचा भाव जुन्या भावाशी जोडताना जी तडजोड करावी लागते तिच्यात दरवेळी थोडी थोडी चूक राहिली, तरी तिची बेरीज मोठी होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई बंद झाली, आणि महाराष्ट्र सरकारने निर्देशांकाची तपासणी करण्यासाठी मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने कोष्टके उलगडून पाहिली आणि निर्देशांक वास्तवापेक्षा कमी दाखविला जात होता, हे कामगारांचे म्हणणे सारतः मान्य केले. १९६० च्या नव्या मालिकेला १९३३-३४ च्या जुन्या मालिकेशी जोडणारा ४.४४ हा गुणक मुंबईतील भत्त्याच्या करारांत पुढे रूढ झाला. दशांशचिन्हानंतरच्या आकड्याची किंमत काय, असे कोणी विचारील तर हिशेब करून पाहावा: नवा निर्देशांक २०० असता गुणकात केवळ ०.१ चा फरक पडला तरी जुन्या मापाने २० पॉइंटांचा फरक होतो, आणि पॉइंटामागे १.९ पै या दराने तो महिन्यास ५ रुपयांच्या वर जातो. एका कामगाराचे पाच रुपये. आणि गिरण्यांच्या हजेरीपटावर तेव्हा लाखांच्या वर माणसे होती.

या घटनेत दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून न्याय झाला, असे मी समजतो. संप आणि मोर्चा यांच्या जोरावर सरकारला समिती नेमण्यास भाग पाडता आले, पण त्या जोरावर भारांकातील चूक शोधता आली नसती. आणि विद्यापीठाला चूक शोधता आली असती, पण रस्त्यावरील माणसाने आरोप केला नसता तर ती शोधण्याची त्याला बुद्धी झाली असती की नाही, याची मला खात्री देववत नाही. लकडावालांचा शब्द मालक, सरकार आणि कामगार या तिघांनाही सहजासहजी झुगारता आला नाही याचे कारण त्यांच्या विद्वत्तेत जितके आहे तितकेच ते कोणाचेही नोकर नव्हते यात आहे. सरकार स्वतःच मोठा पगार देणारा मालक असल्यामुळे महागाईच्या मापात ते तटस्थ राहू शकत नाही. निर्देशांक जितका मंद चढेल तितका त्याच्या तिजोरीवरचा भार कमी. ज्याला भत्ता द्यावयाचा त्याच्याच हाती माप सोपविणे हे कोणत्याही न्यायशास्त्रात बसणार नाही. तेव्हा, ज्याचा पगार निर्देशांकाच्या चढउताराने बदलत असला तरी ज्याची प्रतिष्ठा केवळ हिशेबाच्या खरेपणावर अवलंबून आहे असा कोणी तिसरा पाहिजे, आणि समाजाने असा तिसरा म्हणून जी संस्था निर्माण केली तिचे नाव विद्यापीठ.

विद्यापीठीय माप चुकत नाही, असे मात्र मला मुळीच म्हणावयाचे नाही. २०१० साली कार्मेन राइनहार्ट व हार्वर्डचे केनेथ रोगॉफ या दोन प्राध्यापकांनी, राष्ट्राचे कर्ज त्याच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढ खुंटते, असा निष्कर्ष मांडला, आणि युरोप-अमेरिकेतील काटकसरीच्या धोरणांना त्याचा आधार देण्यात आला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून पाहिला, तेव्हा काही देशांचे आकडे सरासरीत धरलेच गेले नव्हते, असे आढळले. लालबागच्या कामगाराला आणि ग्रीसमधील निवृत्त शिक्षकाला जोडणारा धागा हाच की, दोघांच्याही ताटातील अन्न कोणातरी अपरिचित माणसाच्या कोष्टकावर अवलंबून होते. ते कोष्टक पाहावयास मागण्याचा हक्क ज्याला आहे त्याचाच त्या शास्त्रावर खरा अधिकार आहे.

आता सल्ल्याकडे वळतो. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने राज्यकर्त्यांना दिलेला सर्वांत मोठा सल्ला १९५६ चा. प्रा. चंदुलाल वकील आणि त्यांचे सहकारी पी. आर. ब्रह्मानंद यांनी त्या वर्षीच्या आपल्या ग्रंथात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील अवजड उद्योगांच्या आग्रहाला विरोध करून असे प्रतिपादिले की, दरिद्री देशाचे खरे भांडवल म्हणजे मजुराला काम करता करता लागणारे अन्न, वस्त्र आणि इतर नित्योपयोगी वस्तू यांचा साठा होय. तो वाढल्याखेरीज बेकार हातांना काम देता येणार नाही, दिले तर किमती भडकतील. दिल्लीने हा सल्ला मानला नाही. पुढील दशकात अमेरिकेच्या गव्हाची वाट पाहत शिधावाटपाच्या दुकानापुढे रांगा लागल्या, तेव्हा या विचाराची आठवण व्हावयास हवी होती. अवजड उद्योग नको होते असे मला वाटत नाही, पण धान्याचा प्रश्न गौण मानण्याची किंमत गिरगाव आणि परळ यांनी रांगेत उभे राहून दिली, एवढे निश्चित.

दुसरा सल्ला १९७४ चा, आणि त्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. घाऊक किमती वर्षाला २५ टक्क्यांहून अधिक वेगाने चढत असता वकील व ब्रह्मानंद यांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांनी पंतप्रधान इंदिरा गांधींना एक निवेदन सादर केले. फुगलेला पैसा रोख्यांच्या व गोठविलेल्या ठेवींच्या रूपाने काही काळ चलनातून बाजूस काढावा, हे त्याचे सार होते. सरकारने ती योजना जशीच्या तशी घेतली नाही, पण पैसा गोठविण्याची दिशा घेतली. जुलै १९७४ च्या वटहुकुमाने पगारवाढीची सारी रक्कम व वाढीव महागाई भत्त्याची निम्मी रक्कम सक्तीची ठेव म्हणून अडकवून ठेवली, पुढे हप्त्यांनी परत देण्याच्या बोलीवर. भाववाढ थांबली, १९७५-७६ मध्ये किमती उतरल्याही. त्यात चांगल्या पावसाचा आणि पतनियंत्रणाचा वाटा किती आणि या ठेवीचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. माझा आक्षेप निराळा आहे. अकरा वर्षांपूर्वी याच विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाने जे पॉइंट कामगाराला हिशेबाने मिळवून दिले होते, त्यांचे मोल पूर्ण पदरात पडण्यापूर्वी अर्धे काढून घेतले गेले. आणि दरमहा पगार घेणाऱ्याची रक्कम अडकविणे पगारपत्रकावरील एका ओळीने साधत असल्यामुळे ती सहज अडकली, साठेबाजाचा काळा पैसा मात्र तितक्या सहजतेने हाती लागणारा नव्हता. ज्याची नोंद पक्की त्याच्यावरच उपायाचा भार पडतो, ही सल्ल्याच्या राजकारणातील जुनी अडचण आहे, आणि वकिलांच्या देशहितबुद्धीबद्दल मनात पूर्ण आदर ठेवूनही ती सांगितली पाहिजे.

त्याच सुमारास, १९७२ पासून, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध स्त्रियांचे मोर्चे काढीत होत्या. हातात लाटणी घेतलेल्या त्या गृहिणींना तेल, साखर, रॉकेल यांचा ठरविलेला भाव तोंडपाठ होता आणि त्या भावाने माल मिळत नाही हेही ठाऊक होते. निर्देशांकाच्या शास्त्रातील अत्यंत अवघड प्रश्न हाच आहे: शिधापत्रिकेवरचा भाव नोंदवावयाचा, की तो माल संपल्यावर काळ्या बाजारात द्यावा लागलेला? लाटणे मोर्चातील स्त्रीने हा प्रश्न शास्त्रज्ञाच्या आधी विचारला होता. तिचे ज्ञान कोष्टकात यावे यासाठी तिच्या दारापर्यंत जाणारा संशोधक हवा.

आणि असे पुष्कळ खर्च आहेत की ज्यांना पावतीच नाही. गिरगावातील चाळींचे भाडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जखडले. भाड्याची पावती पाहणाऱ्या पाहणीदाराला हे शहर राहण्यासाठी फार स्वस्त वाटले असते. पण नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्याला खोली मिळे ती पागडी मोजल्यावर, आणि पागडी घेणे हा २००० साली नवा कायदा अमलात येईपर्यंत गुन्हा होता. तेव्हा आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम देणारा आणि घेणारा दोघेही तिच्याबद्दल मौन पाळीत. ज्या खर्चाने मुंबईतील मराठी कुटुंबाचे दागिने मोडले, त्याला डोंबिवलीस किंवा विरारला पाठविले, तो मासिक निर्देशांकात उतरण्याजोगाच नव्हता. यावरून निर्देशांक टाकाऊ ठरत नाही. त्याच्या शेजारी सखोल शहरपाहणी चालू असली पाहिजे, एवढेच ठरते. मुंबई विद्यापीठाने अशी पाहणी केलेली आहे. लकडावाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मुंबईच्या आर्थिक पाहणीचा ग्रंथ, काम, वेतन आणि सुस्थिती हे ज्याच्या शीर्षकातील शब्द, तो त्याच १९६३ साली प्रसिद्ध झाला. निर्देशांकाची चूक ओळखणारी दृष्टी घरोघर फिरून आलेल्या या अभ्यासात घडली असावी, असे मला वाटते.

जे माप काळाबरोबर हलत नाही ते काय करते, हे शिधापत्रिकेच्या रंगावरून दिसते. १९९९ साली महाराष्ट्रात तिरंगी शिधापत्रिका आल्या, तेव्हा पिवळ्या पत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५,००० रुपये, म्हणजे महिन्यास १,२५० रुपये ठरली. ही मर्यादा निर्देशांकाशी बांधलेली नव्हती. किमती वर्षागणिक चढल्या, रुपयांत मोजलेली मिळकतही चढली, आकडा मात्र जागच्या जागी राहिला. परिणामी माणसाच्या दारिद्र्यात काही फरक न पडता तो कागदोपत्री दारिद्र्यातून बाहेर पडला. अन्नसुरक्षा कायद्यानंतर शहरी भागासाठी ५९,००० रुपयांची मर्यादा आली, पण तीही पुन्हा एक स्थिर आकडाच. नोकरदारांच्या भत्त्याला लावलेला नियम गरिबाच्या पात्रतेला लावावयाचा नाही, याचे समर्थन अर्थशास्त्राच्या कोणत्या तत्त्वाने करता येईल, ते मला समजत नाही. देशातील दारिद्र्याच्या मोजणीची पद्धत ठरविणाऱ्या तज्ज्ञगटाचे अध्यक्षपदही लकडावालांकडेच होते, आणि त्या गटाच्या १९९३ च्या अहवालाने प्रत्येक राज्यासाठी तेथील किमतींप्रमाणे निराळी दारिद्र्यरेषा धरावी, असे सांगितले. पत्रिकेची मर्यादा ठरविणाऱ्या कचेरीपर्यंत तो विचार पोचला नाही.

१८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि पॉइंटांची भाषा बोलणारी वस्ती विखुरली. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक आजही निघतो, त्याचे आधारवर्ष आता २०१६ आहे, आणि किमान वेतनावरील विशेष भत्ता त्याच्याच आधाराने दर सहा महिन्यांनी बदलतो; म्हणजे ज्या जागी गिरणीची चिमणी होती त्या जागेवरील उंच इमारतीच्या फाटकाशी उभा असलेला पहारेकरी कायद्याने अजून त्या जुन्या मापाच्या कक्षेत आहे. त्याला तो भत्ता मिळतो का, कंत्राटदार त्याच्या पगारपत्रकात तो दाखवितो का, आणि दाखविलेला देतो का, हे निर्देशांक सांगणार नाही. ते कोणीतरी जाऊन विचारले पाहिजे.

विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग फोर्टातून कालिन्याच्या आवारात गेला, त्याच्या नावात सार्वजनिक धोरण हे शब्दही आले. धोरणाच्या सल्ल्याला तेथे कमतरता नसावी. माझी मागणी जुन्या वळणाची आहे: या विभागाने, आणि गिरगाव, दादर, परळ येथील महाविद्यालयांच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, दर पाच वर्षांनी मध्य मुंबईतील काही हजार कुटुंबांचा जमाखर्च घरोघर जाऊन लिहून घ्यावा, त्यात सोसायटीचा देखभाल-आकार, पुनर्विकासात मिळणारे व न मिळणारे भाडे, शिकवणीची फी, दवाखान्याचे बिल आणि मोबाइलवरून घेतलेले कर्ज यांचे रकाने असावेत, शिरासांच्या अहवालात कर्जदार कुटुंबांचा जसा आकडा आहे तसा तो आजचा निघावा. आणि हा अहवाल, त्याच्या मूळ कोष्टकांसह, मराठीत छापला जावा. १९६३ साली कामगार संघटनांना इंग्रजी गॅझेट वाचणारे कार्यकर्ते होते, म्हणून चूक पकडली गेली. आज त्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या वतीने कोष्टक वाचणारे कोणी नाही. ते त्याला स्वतःलाच वाचता आले पाहिजे, आणि वाचून ‘हा भाव आमच्या बाजारात नाही’ असे लिहून पाठविण्यासाठी त्या अहवालावर एक पत्ता छापलेला असला पाहिजे.